सामना दोन गुणांचा, वाट महिनाभराची

2010 सालचा शेवटचा दिवस. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात आइस हॉकीचे चाहते त्या दिवशी संघात कोण आहे, कोण नाही याच्यापेक्षा पाऊस किती वाजता येणार याचीच चौकशी जास्त करत होते. दुसऱ्या दिवशी, 1 जानेवारीला, तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या उघड्या मैदानावर पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स खेळणार होते. वेळ दुपारी 1ची आणि अंदाज पावसाचा. बर्फ पडला असता तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, पण पाऊस कुणालाच नको होता. अखेर लीगने सामना रात्री 8 वाजता ठेवला. आपल्या घड्याळात सांगायचं तर 1 तारखेच्या रात्री साडेअकराचा सामना 2 तारखेच्या सकाळी साडेसहावर गेला.

एवढी उलघाल झाली ती नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, ‘विंटर क्लासिक’ नावाच्या एका साध्या साखळी सामन्यासाठी. प्रत्येक संघ हंगामात 82 सामने खेळतो, त्यातलाच हा एक. ना फायनल, ना सेमीफायनल. जिंकलं तर दोन गुण, बाकीच्या 81 सामन्यांत मिळतात तेवढेच. तरी 68 हजार लोक तिकीट काढून बसले होते आणि डिसेंबरच्या मध्यापासूनच टीव्हीवर या सामन्याची पडद्यामागची मालिका सुरू होती. हे सगळं नेमकं कशासाठी, ते समजून घेऊ.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. हॉकी म्हटलं की आपल्याला खडकीची मैदानं आणि धनराज पिल्ले आठवतात. आपली हॉकी मुळात मैदानावरचीच, त्यामुळे ‘उघड्यावरचा हॉकी सामना’ हे शब्द आपल्या कानाला ‘पाण्यातलं पोहणं’ म्हटल्यासारखे लागतात. उत्तर अमेरिकेत हॉकी म्हणजे आइस हॉकी आणि ती छपराखाली खेळतात. 3 मार्च 1875 रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये बंदिस्त जागेतला पहिला ठरवून घेतलेला सामना झाला. पुढे कृत्रिम बर्फ आला, मोठमोठी सभागृहं उभी राहिली आणि व्यावसायिक खेळ कायमचा आत गेला.

पोरंटोरं मात्र बाहेरच राहिली. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत थंडीत तळी गोठतात, बाप मंडळी घरामागच्या अंगणात पाणी सोडून रिंक तयार करतात. वेन ग्रेट्स्की या खेळातला सगळ्यात मोठा मानला जातो. तो शिकला ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्डमध्ये, वडिलांनी घरामागे केलेल्या अशाच रिंकवर. तेव्हा एनएचएलचा सामना उघड्यावर घेणं म्हणजे कोट्यधीश खेळाडूंना एका दिवसापुरतं त्या अंगणात परत नेणं. आपल्याकडे मुंबईच्या कांगा लीगला जे प्रेम मिळतं ते थोडंफार याच जातीचं. 1948 पासून ती लीग ऐन पावसाळ्यात खेळतात, ओली खेळपट्टी भल्याभल्या फलंदाजाची फजिती करते आणि लोकांना नेमकी तीच मजा वाटते.

उघड्यावरच्या खेळाचे प्रयोग विंटर क्लासिकच्या आधीही झाले होते, पण तऱ्हेवाईक. 1954 साली डेट्रॉइट रेड विंग्ज मिशिगनमधल्या मार्केटच्या तुरुंगात जाऊन कैद्यांच्या संघाशी खेळले. पहिल्या सत्रातच 18-0 झाल्यावर गुण मोजणं सोडून दिलं. 1991च्या सप्टेंबरमध्ये लास वेगासला एका हॉटेल-कॅसिनोच्या पार्किंगमध्ये, वाळवंटी उकाड्यात, लॉस एंजेलिस किंग्ज आणि न्यूयॉर्क रेंजर्स सरावाचा सामना खेळले. दिव्यांच्या झोतावर नाकतोड्यांचा थवा आला आणि बर्फावर पडून चिकटला. 22 नोव्हेंबर 2003ला एडमंटनमध्ये मोसमातला खराखुरा सामना प्रथमच उघड्यावर झाला. तापमान उणे 18च्या आसपास आणि 57,167 लोक. माँट्रियलच्या जोसे थिओडोर या गोलरक्षकाने मुखवट्यावर लोकरीची गोंडेवाली टोपी चढवली होती. तो फोटो आजही फिरतो.

‘विंटर क्लासिक’ हे नाव आणि नववर्षाचा मुहूर्त आला 1 जानेवारी 2008ला. बफेलो शहराजवळचं फुटबॉलचं मैदान, 71,217 प्रेक्षक आणि वरून भुरभुरणारा बर्फ. बरोबरी झाली, जादा वेळातही सुटली नाही, मग शूटआउट. म्हणजे एकटा खेळाडू मधल्या रेषेवरून पक, म्हणजे या खेळातली चकती, घेऊन निघतो, समोर फक्त गोलरक्षक. शेवटचा फटका पेंग्विन्सच्या सिडनी क्रॉस्बीचा. वय वर्षं 20, हवेत बर्फाचे कण आणि काठीपुढे अडखळणारा पक. त्याने गोल केला. एखाद्या पटकथालेखकाने हे लिहून आणलं असतं तर निर्मात्याने जरा जास्तच होतंय म्हणून खोडलं असतं. लीगला मात्र त्या एका संध्याकाळी पुढच्या पंधरा-वीस वर्षांचं भांडवल मिळालं.

त्या दिवशीचा आणखी एक प्रसंग फोटोंत कमी दिसतो. बर्फाला खड्डे पडत होते. खेळ थांबवायचा, मग डॅन क्रेग हे लीगचे बर्फतज्ज्ञ आणि त्यांची माणसं गुडघे टेकून बसायची. खड्ड्यात ओला भुसभुशीत बर्फ भरून तो गोठवून सपाट करायची आणि उठून जायची. 70 हजार माणसं आणि देशभरचा टीव्ही त्या गुडघे टेकलेल्या माणसांकडे बघत थांबलेला. उघड्यावरच्या सामन्याचं खरं नाट्य हे आहे, असं माझं मत.

हा बर्फ कुठून येतो? तळ्यासारखा आपोआप गोठत असेल असं वाटतं, पण तसं नाही. मैदान आधी झाकतात. फुटबॉलचं मैदान पाणी निथळावं म्हणून मधोमध किंचित फुगीर असतं, त्यामुळे वर पाट्या टाकून पातळी साधावी लागते, कारण पाणी कुणाची भीड धरत नाही. त्यावर ॲल्युमिनियमचे चपटे तावे जोडत जातात. तावे आतून पोकळ. त्यांच्यातून ग्लायकॉल मिसळलेलं गार पाणी फिरतं, आपल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तसलंच कूलंट. हे पाणी तळातून उष्णता शोषून घेतं आणि मैदानाबाहेर उभ्या असलेल्या एका लांबलचक ट्रेलरमध्ये परत जातं. ट्रेलर ती उष्णता हवेत सोडतो, पाणी पुन्हा गार करून मैदानात पाठवतो. असं चक्र रात्रंदिवस.

त्या ट्रेलरची ताकद 300 टन. इथे ‘टन’ म्हणजे वजन नाही, आपल्या एसीवर लिहिलेला असतो तो टन. दुकानदार ‘दीड टनाचा घ्या’ म्हणतो तेव्हा तो यंत्र किती जड आहे ते सांगत नसतो. एक टन बर्फ 24 तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी उष्णता 24 तासांत बाहेर फेकण्याची क्षमता म्हणजे एक टन. यंत्राच्या गारव्याआधी गारवा बर्फाच्या लाद्यांनी विकत मिळायचा, तिथून हे माप आलं. (1830च्या दशकात अशा लाद्या जहाजाने बोस्टनहून थेट मुंबईलाही येत. विंटर क्लासिकचं एक यजमान शहर आणि आपण, यांचं बर्फाचं नातं इतकं जुनं!) तर 300 टन म्हणजे घरातले दीड टनाचे 200 एसी एका गाडीत कोंबलेले. अंगणातल्या रिंकच्या आठवणीसाठी एवढा लवाजमा लागतो.

मग पाणी. साधारण 75 हजार लिटर, म्हणजे आपल्याकडच्या 10 हजार लिटरच्या टँकरने सात-आठ खेपा. ते एकदम ओतत नाहीत. ओतलं तर वरचा थर गोठतो, आत हवा अडकते आणि बर्फ ठिसूळ होतो. म्हणून पाइप खांद्यावर घेऊन माणसं पुढेमागे चालतात आणि धुक्यासारखा फवारा मारत जातात. एक पातळ थर, तो गोठला की दुसरा. बहुतेक काम रात्री, ऊन नसताना. बंदिस्त रिंकमध्ये बर्फ इंच-सव्वा इंच असतो, इथे तो दोन इंचांपर्यंत नेतात. मधल्या एका टप्प्यावर सगळा बर्फ पांढरा रंगवतात, त्यावर रेषा आणि संघांची चिन्हं, आणि वर पुन्हा पारदर्शक थर.

पांढरा रंग नुसता शोभेचा नाही. बर्फाला खरी भीती उकाड्याची नाही, उन्हाची आहे. हवा थोडी गरम असली तरी खालून 300 टनांचा गारवा झुंज देऊ शकतो. ऊन मात्र पारदर्शक बर्फातून थेट आत शिरतं आणि गडद रंग दिसला की तिथे मुक्काम करतं. काळी छत्री आणि पांढरी छत्री उन्हात धरून बघितली की हे कळतं. 20 फेब्रुवारी 2021ला हाच प्रकार झाला. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते, म्हणून लीगने नेवाडामधल्या टाहो सरोवराच्या काठी, गोल्फच्या मैदानावर रिंक उभारला. मागे निळं पाणी, बर्फाच्छादित डोंगर, एखाद्या कॅलेंडरवरचं चित्र. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंच, आभाळ निरभ्र. सामना भर दुपारी सुरू झाला आणि पहिल्या सत्रातच बर्फ मऊ पडू लागला, खेळाडू अडखळून पडायला लागले. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच आणि व्हेगास गोल्डन नाइट्स यांना थांबवून ठेवलं ते थेट रात्री 9पर्यंत. एका सामन्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या सत्रामध्ये आठ तासांहून जास्त वेळ. कोलोरॅडो 3-2 जिंकलं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो सूर्य.

पावसाची तऱ्हा वेगळी. थेंब बर्फावर पडून जिथल्या तिथे गोठतो आणि पृष्ठभागावर पुरळ उठल्यासारखे उंचवटे तयार होतात. त्यावरून पक घसरत नाही, उडतो. जोराच्या वाऱ्यात एका बाजूला खेळणाऱ्या संघाला फायदा होतो म्हणून शेवटच्या सत्राच्या मध्यावर बाजू बदलण्याची सोयही उघड्यावरच्या सामन्यांत केली जाते. आणि अति थंडीही चालत नाही. 2022च्या 1 जानेवारीला मिनियापोलिसमध्ये उणे 21 अंश होते. एवढ्या थंडीत बर्फ कडक होऊन त्याचे टवके उडतात, म्हणून गार करायला आणलेली यंत्रणा बर्फ ऊबदार ठेवायला वापरावी लागली. सेंट लुइस ब्लूजचे खेळाडू त्या दिवशी मैदानात आले ते चड्ड्या आणि समुद्रकिनाऱ्यावरचे कपडे घालून. वात्रटपणा म्हणा हवं तर. सामनाही तेच 6-4 जिंकले.

प्रेक्षकाला एवढं करून दिसतं काय? खरं सांगायचं तर फार काही नाही. पक म्हणजे तीन इंच व्यासाची काळी रबरी चकती, कॅरमच्या स्ट्रायकरच्या जेमतेम दुप्पट. रिंक 61 मीटर लांब, 26 मीटर रुंद. तो अवाढव्य मैदानाच्या मध्यात ठेवला की पहिल्या रांगेपासूनही लांब पडतो आणि पुढच्या स्वस्त-महाग सगळ्या खुर्च्यांना कडेच्या फळ्या आडव्या येतात. 2014च्या 1 जानेवारीला मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर टोरोंटो मेपल लीफ्स आणि डेट्रॉइट खेळले तेव्हा 1,05,491 लोक होते आणि बर्फ पडत होता. त्यातल्या किती जणांना पक दिसला असेल? तरी ते लोक तो दिवस अजून सांगतात. कारण ते पक बघायला आलेच नव्हते. आपली माणसं, थर्मासमधली कॉफी, पायात दोन-दोन मोजे आणि मी तिथे होतो हे सांगण्याचा हक्क. पंढरीच्या वारीत कळस लांबून दिसला तरी माणूस नाराज होत नाही.

आणि त्याच्या आधीची वाट. यजमान शहराचं नाव कितीतरी महिने आधी जाहीर होतं. मग खास जर्सी येतात, बहुतेक जुन्या काळच्या धाटणीच्या, आणि त्या चांगल्या की भिकार यावर चाहते हमरीतुमरीवर येतात. मग तो शीतकरणाचा ट्रेलर शहरात पोचल्याची बातमी होते. ट्रेलर आला याची बातमी! पाठोपाठ फवारे मारतानाचे फोटो, मग निवृत्त खेळाडूंचा सामना. पिट्सबर्गला 31 डिसेंबरला पेंग्विन्सचा जुना तारा मारिओ लेम्यू उतरला आणि आदल्या दिवशीच स्टेडियमला जत्रेचं रूप आलं. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचा हवामानखात्याचा अभ्यास होतो. बंदिस्त सभागृहातल्या सामन्यात अनिश्चित असतो तो फक्त निकाल. इथे सामना होईल का, कधी होईल, कसल्या बर्फावर होईल, सगळंच अधांतरी. वाट बघण्यात गोडी येते ती या अधांतरीपणामुळे.

लीगने ही वाटच विकायला काढली, ती 2010च्या डिसेंबरमध्ये. एचबीओ वाहिनीने ‘24/7’ नावाची आपली मालिका, जी आधी मुष्टियुद्धाच्या मोठ्या लढतींआधी चालायची, ती पेंग्विन्स आणि कॅपिटल्सच्या मागे लावली. 15 डिसेंबरपासून दर बुधवारी रात्री, चार भाग. दोन्ही संघांसोबत कॅमेरे राहणार: ड्रेसिंग रूममध्ये, विमानात, घरी, डॉक्टरांच्या टेबलापाशी. खेळाडूंच्या अंगावर माईक. आठवड्याचं चित्रण त्याच आठवड्यात दाखवायचं, म्हणजे मंगळवार-बुधवारपर्यंत संकलन चालू. माहितीपटात घटना घडून गेलेली असते आणि दिग्दर्शकाला शेवट ठाऊक असतो. इथे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. हवामानासारखंच.

याची नवलाई कळायला हॉकीपटू एरवी कसे बोलतात ते माहीत हवं. त्यांच्या मुलाखतीत पक पुढे नेत राहायचा, आपला खेळ खेळायचा, एका वेळी एक सामना, याच्यापलीकडे काही नसतं. आपल्या क्रिकेटपटूंच्या सामन्यानंतरच्या मुलाखती आठवा, साधारण तोच प्रकार. आणि इथे एकदम ड्रेसिंग रूमचं दार उघडलं. एचबीओ पैसे भरून घेण्याची वाहिनी, त्यामुळे शिव्यांवर ‘बीप’ नाही. आणि नशीब असं, की कॅमेरे आले तेव्हा पेंग्विन्स ओळीने 12 सामने जिंकण्याच्या झपाट्यात होते आणि कॅपिटल्स ओळीने आठ सामने हरत होते. कॅपिटल्सचे प्रशिक्षक ब्रूस बूद्रो यांनी दोन सत्रांमधल्या वेळात संघाला जे सुनावलं, ते ऐकून अनेकांना हॉकीत पहिल्यांदा रस वाटला असेल. एका वाक्यात शिवी किती वेळा बसवता येते, याचा तो नमुना होता. आपण हरतोय, कॅमेरे चालू आहेत आणि त्यांना घालवताही येत नाही, अशा माणसाची ती घुसमट होती. जिंकणाऱ्या संघाच्या चित्रणापेक्षा हेच जास्त बघितलं गेलं, जास्त सांगितलं गेलं.

पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया फ्लायर्सचा गोलरक्षक इल्या ब्रिझगालोव्ह कॅमेऱ्यासमोर विश्वाच्या अफाट पसाऱ्यावर तत्त्वज्ञान सांगायला लागला आणि रातोरात लाडका झाला. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यानेच पत्रकारांना सांगून टाकलं की उद्या मी खेळत नाहीये. 2012-13ला मालक आणि खेळाडूंच्या तंट्यात लीगच जानेवारीपर्यंत बंद राहिली, मिशिगनचा सामना वर्षभर पुढे गेला, त्याच्याबरोबर मालिकाही. 2014च्या सामन्यानंतर एचबीओ बाजूला झालं. पुढे इतरांनी तसले प्रयत्न केले, पण मला ते गुळगुळीत वाटले. एव्हाना खेळाडू कॅमेऱ्याला सरावले होते आणि प्रत्येक संघाचा स्वतःचा कॅमेरावाला दाराशी उभा होता.

सामन्यांचंही तसंच झालं. एकट्या 2014 साली सहा सामने उघड्यावर ठेवले. त्यातला एक लॉस एंजेलिसला, पामच्या झाडांच्या शेजारी. एक व्हँकूव्हरला, जिथे पावसामुळे छप्पर बंद करूनच खेळावं लागलं! आजवर असे 40हून जास्त सामने झालेत आणि 2026चा विंटर क्लासिक तर थेट मियामीत, सरकतं छप्पर असलेल्या बेसबॉलच्या मैदानावर. जुने चाहते नाकं मुरडतात. फ्लोरिडातल्या पोराने मात्र आयुष्यात गोठलेलं तळं बघितलेलं नसतं. त्याला कुणाची तरी उसनी आठवण दाखवायला काय हरकत आहे, असंही वाटतं.

पिट्सबर्गकडे परत येऊ. त्या रात्री सामना झाला. पाऊसही चुकला नाही, खेळ चालू असताना तो पडलाच. कॅपिटल्सच्या एरिक फेरने दोन गोल केले आणि डिसेंबरात मार खाल्लेला संघ 3-1 जिंकला. दुसऱ्या सत्राच्या शेवटी क्रॉस्बीला डेव्हिड स्टेकलची धडक डोक्याला बसली. तो उठला, तिसरं सत्र खेळला. 5 जानेवारीला मालिकेचा शेवटचा भाग दाखवला. त्याच संध्याकाळी टॅम्पा बेविरुद्धच्या सामन्यात क्रॉस्बीला पुन्हा धडक बसली आणि डोक्याच्या दुखापतीने त्याचा उरलेला हंगाम गेला. कॅमेरे तोवर सामान बांधून निघाले होते. तो परत आला 21 नोव्हेंबर 2011ला, न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध, छपराखाली, आणि पहिल्या सहा मिनिटांच्या आत त्याने गोल केला. सामना दोन गुणांचाच होता.